कोंबडीची एजन्सी आणि विमानाचा शोध

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी ७.
ब्राझीलहून मेल! फ्रोझन कोंबडीच्या कंपनीच्या डायरेक्टर रेजिनाबाई ९ तारखेला दुबईत येणार, आपल्याकडे जेवणार आणि मग यूएईची एजन्सी कुणाला द्यायची ते ठरवणार. ही एजन्सी मी आणणार. मी! मसाल्याची सगळी गिऱ्हाईकं वीणाने जोडली, म्हणून मीना बाजारात मला वासुदेव म्हणून नाही, बायकोच्या नावाने ओळखतात. "वीणा मॅडमचे मिस्टर." खलास, आता बस.
स्ट्रॅटेजी: बाईंना त्यांच्याच देशातल्या थोर माणसांबद्दल इतकं सांगायचं की बाई गार. रोज एक थोर ब्राझीलियन. कन्येने, म्हणजे दियाने, सात कार्डं करून दिली. पुढे नाव आणि काम, मागे माहिती.

रविवार, २ नोव्हेंबर.
पेले. उत्तम सुरुवात. यूट्यूबवर गोल पाहिले.

सोमवार, ३ नोव्हेंबर.
पेलेच. हजारावर गोल आहेत म्हणे. घाईत कसं उरकणार?

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
पेले. रिव्हिजन.

बुधवार, ५ नोव्हेंबर.
आयर्टन सेना, रेसिंगवाला. वाचून शेख झायेद रोडवर जरा स्फुरण चढलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला. सहाशे दिरहम दंड, म्हणजे चौदा हजार रुपये! वीणाला सांगायचं नाही असं ठरवलं. गाडी तिच्या नावावर आहे, मेसेज तिलाच गेला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
काल विश्रांती. आज कार्मेन मिरांडा. डोक्यावर फळं घेऊन नाचायची, म्हणजे आपल्याच लाइनमधली. दिया म्हणते, ती जन्मली पोर्तुगालमध्ये. मग ब्राझीलची कशी, विचारलं. म्हणे, आय वॉज बॉर्न इन दुबई, सो व्हॉट अॅम आय? कार्ड बाजूला ठेवलं. उगाच वेळ जातो.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
निमायर, आर्किटेक्ट. वळणावळणाच्या इमारती. मेहुणा कॉन्ट्रॅक्टर आहे, तो म्हणतो असं शटरिंग फार महाग पडतं. एवढं पुरे. सांतोस-ड्युमाँ, विमानाचा शोध. हे कार्ड उलटलंच नाही. विमान आपला विषय. गिरगावच्या तळपद्यांनी १८९५ सालीच चौपाटीवर उडवलं, शाळेपासून ऐकतोय. बाकीची दोन कार्डं सापडत नाहीत.
ब्राझीलची पिवळी जर्सी आणली. पोटावर जरा तंग होते.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ६.
कालचं जेवण छान झालं. बाई फुटबॉल पाहत नाहीत. पेलेचे तीन दिवस पाण्यात. मग त्याच म्हणाल्या, विमानाचा शोध आमच्या गावच्या सांतोस-ड्युमाँचा, गावाला नावही त्याचंच दिलंय. मला हसू आलं. तळपदे सविस्तर सांगितले. त्यांनी पुरावा विचारला. म्हटलं, माझ्या आजोबांच्या मामांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी मोबाइलवर १९०६ सालची पॅरिसची फिल्म दाखवली. म्हटलं, मॅडम, फिल्म काय, कुणीही काढतं. आमच्या लोकांना कामं होती. बाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. पटलं असणार. दिया टेबलाखालून लाथा मारत होती, का ते कळलं नाही.
मग वीणाने बाईंना किचनमध्ये नेलं, सोलकढी दिली आणि ड्युमाँबद्दल विचारलं. नुसतं विचारलं! बाई तासभर बोलत होत्या, शेवटी डोळे पुसले. धंद्याचं एक अक्षर नाही. अशाने व्हायचा धंदा! जाताना तिला मिठी, मला लांबूनच बाय. परदेशी बायका पुरुषांशी जरा फॉर्मलच असतात.
आत्ता वीणा म्हणते, पाहुण्याला घरी बोलावून त्याच्या देवाला कुणी खोटं पाडतं का? मी कुठे पाडलं? मी फक्त इतिहास सांगितला.
एजन्सी पक्की, इन्शाल्ला. करारासाठी साओ पाउलोला जावं लागेल. सूट शिवायला टाकतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.
एजन्सी आपल्याला! म्हटलं नव्हतं? सगळ्या ग्रुपवर टाकलं.
सकाळी ११. मेल आता पूर्ण वाचली. सही वीणाची. बोलणी फक्त वीणाशी. डिसेंबरात साओ पाउलोची दोन तिकिटं, वीणा आणि दिया. मिस्टर वासुदेव यांनी येण्याची तसदी घेऊ नये, असं फार नम्रपणे लिहिलंय. दोनदा.
ठीक आहे. मागे ऑफिस सांभाळायला जबाबदार माणूस लागतोच.

सोमवार, १५ डिसेंबर.
दोघींना एअरपोर्टवर सोडलं आणि नऊच्या ठोक्याला बर दुबईच्या ऑफिसात हजर. दहा दिवस सूत्रं माझ्या हाती. अकाउंटंट फिरदोसला म्हटलं, यल्ला, चला, काय काय पेंडिंग आहे ते आणा. तिने कागद दाखवला. वीणाने दहा दिवसांचं काम सगळ्यांना नावानिशी वाटून दिलंय. चहावाल्या झैदचंसुद्धा नाव आहे. माझं नाही.
विचारलं, मग मी काय करू? फिरदोसने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. दोनदा. मग अदबीने म्हणाली, सर, आप चाहें तो घर जा सकते हैं.
सव्वानऊला निघालो. कुणी थांबा म्हणालं नाही. फार वाईट वाटलं.