तोंडाला जवस

इंदोरा, नागपूर
११ डिसेंबर १९७४

आदरणीय शोभाताईंना प्रेमिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. भुसावळला थंडी नाही हे वाचून हेवा वाटला. इकडे सकाळी नळाला हात लावला की बोटं आपली राहत नाहीत. मामाजींचा, म्हणजे तुमच्या बाबांचा, मोतीबिंदू एकदाचा पिकला. इतकी वर्षं डॉक्टर अजून पिकू द्या, अजून पिकू द्या म्हणत होते, आता जानेवारीतली तारीख दिली. मामाजींनी तर दवाखान्यात न्यायची पिशवी आत्ताच भरायला लावली. ही झाली चांगली बातमी. आता वाईट ऐका, अन् जेवण व्हायचं असेल तर आधी जेवून घ्या.

परवा संध्याकाळी लाइट गेले होते. मी अंधारात पितळी गडवा उचलला अन् वरणात पाणी ओतलं. ओतलं कसलं, ते खाली पडेचना! गडव्याच्या तोंडापासून भांड्यापर्यंत एक तार लोंबत राहिली. हात लावला तर बुळबुळीत. कोणी सर्दीवाल्यानं गडव्यात नाक शिंकरून ठेवावं ना, तस्सं. शी! मला तिथंच ओकारी आली. सगळं वरण फेकलं. तुमचा भाऊ ठेचा-भाकर खाऊन झोपला अन् मी उपाशी.

चौकशी केली तर आपल्या आत्याबाईंचं, म्हणजे तुमच्या आईंचंच काम निघालं. तुमच्या रामाजी मामांनी हुडकेश्वरच्या शेतातला जवस चटणीसाठी दिला होता. तो उकळून, तुमच्या भावाच्या कोऱ्या बनियानीतून गाळून, त्यात ग्लिसरीन अन् गुलाबपाणी कालवून त्या तोंडाला लावतात! शेजारच्या पुष्पलताबाईंच्या रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात कोणी सांगितलं म्हणे, की यानं कातडी पाणी धरते अन् वय दिसत नाही. आमच्या माहेरी जवसाचं पोटीस गळवावर बांधत, तोंडावर नाही. काल दुपारी मी पाणी भरून आले तर आत्याबाई ओसरीत बसलेल्या, तोंडावर ते वाळून चकाकत होतं, गोगलगाय फिरून गेल्यासारखं. कातडी इतकी ताणली होती की त्यांना बोलता येईना, हातानंच मला आत जा म्हणाल्या. तेवढ्यात पुष्पलताबाई आल्या अन् पाहून किंचाळल्या. आता नळावर दुसरा विषय नाही.

माझं त्या ऐकत नाहीत. तुम्ही दोन कडक ओळी लिहा, मी वाचून दाखवीन. माझ्यावर जीव आहेच तुमचा, तो तसाच असू द्या, फक्त या खेपेला थोडा राग त्यांच्यावर काढा.

तुमची,
प्रेमिला


भुसावळ
१८ डिसेंबर १९७४

प्रिय प्रेमिलास शोभाताईचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी नेमकं जेवतानाच वाचलं. ताटात जवसाची चटणी होती. ती मी तशीच सरकवली, अन् हे विचारतात की डोहाळे लागले का. यांना काय सांगू, कप्पाळ!

अगं, जिनं आम्हाला लग्नात पावडर लावू दिली नाही, तोंड धुतलं की झालं म्हणायची, ती माझी माय आता गडव्यात शेंबूड साठवून थोबाडाला लावते? याला म्हातारचळ म्हणतात, दुसरं नाव नाही. खालचं तिला मोठ्यानं वाचून दाखव.

आई, हे काय थेर चालवले आहेत? घरात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं, अन् तुला नटायचं सुचतं? नातवंडं झाली, अर्धे दात गेले, आता कोणाला दाखवायचं आहे तोंड? वस्तीतले लोक तोंडात शेण घालतील, ते चालेल का? मला तर इथं बसून शिसारी आली. तो गडवा राखेनं घास अन् उरलेला जवस चटणीला दे.

प्रेमिला, रागवून वाचशील तेव्हाच उपयोग. भावाला जयभीम, पोरांना पापा. लिहीत राहा, तुझ्या पत्राशिवाय इथं माहेर कुठलं?

तुझी,
शोभाताई


नागपूर
२७ डिसेंबर १९७४

शोभाले मायचा जयभीम.

ही चिठ्ठी शेजारची तारा लिहून राहिली, मी सांगून राहिली. जसं सांगतो तसंच लिही म्हटलं, शाळेतलं घालू नको.

तुही चिठ्ठी प्रेमिलानं वाचून दाखवली. चांगली ठसक्यात वाचली. तुले माही शिसारी आली म्हणते. येऊ दे बाप्पा. तुमचं दोघा भावंडांचं हगणं-मुतणं मी ह्या हातानं काढलं, तुह्या नाकाचा शेंबूड पदरानं पुसला, तेव्हा मी नाही कधी शी म्हटलं. अन् जवस काय शेण आहे?

कोणाले दाखवाचं म्हणते ना तू? तुह्या बापाले. दुसरं कोण आहे वं माह्या तोंडाले पाहणारं?

त्याची नजर गेली तेव्हा माहे केस काळे होते. दात सारे होते. तो त्याच्यावरच अटकला. घरी कोणी आलं का सांगत बसते, माही बायजा अशी अन् तशी, गिरणीच्या गेटवर डबा घेऊन आली का मागावरले गडी वाकून पाहत. मी चुलीपाशी बसून ऐकतो. हासतो. पण मागच्या महिन्यात दवाखान्यात तो डॉक्टराले म्हणाला, पट्टी सुटली का पहिले माह्या बायकोले समोर बसवा, लय दिवस झाले चांगली वस्तू पाहून. डॉक्टर हासला, नर्सबाई हासली. मले तं घामच फुटला.

तो जिले पाहाले बसला, ती कुठी आहे आता? मेली थे. तिच्या जागी मी आहो, खारकीवाणी. मले भेव वाटते, शोभे. त्यानं पट्टी सोडून माह्याकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं तं मी ह्या वयात कुठी जाऊ? इतके वर्स आंधळ्याची काठी झाली, तेव्हा भेव नाही वाटलं. आता डोळे येऊन राहिले तं वाटून राहिलं.

हे तुह्या भावाले, आनंदले सांगू नको, तो हासन. तारालेही गौतमाची आण घातली. राग आला तं मायवर नाही काढाव तं कोणावर काढाव? काढत जाय, पण चिठ्ठी पाठवत जाय.

तुही माय,
बायजाबाई


भुसावळ
४ जानेवारी १९७५

प्रिय प्रेमिलास जयभीम. वि. वि.

आईची चिठ्ठी या लिफाफ्यात घातली आहे. तू वाच, अन् वाचली असं तिला कळू देऊ नको. मी वाचल्यापासून दोनदा रडले. काय काय लिहिलं होतं मी तिला! जीभ झडो माझी.

आता एक कर. ते जवसाचं तूच करून दे, स्वच्छ, धुतलेल्या मलमलीतून. शी म्हणत कर, नाक दाबून कर, पण कर. ऑपरेशनला यायला यांची रजा नाही, म्हणून माझ्या वाटचं हे काम तुझ्यावर. एवढं केलंस की जन्मभर तुझी बाजू घेईन.

शोभाताई


इंदोरा, नागपूर
२ मार्च १९७५

आदरणीय शोभाताईंना सप्रेम जयभीम. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं, पट्टी सुटली हे तुमच्या भावानं कळवलंच होतं. पट्टी सुटली तेव्हा काही बिघडलं नाही, कारण चष्म्याशिवाय मामाजींना नुसतं धुरकट दिसत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिन्यानं नंबर काढू. आत्याबाईंना तेवढी मुदत मिळाली अन् मला तेवढी शिक्षा.

ताई, मी ते केलं. पण किळस गेली नाही हो. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस आला की उतरवायचं अन् गरम असतानाच गाळायचं. जरा थंड झालं की फडक्यातून उतरतच नाही, मग पिळा, अन् ते बोटांमधून असं लिबलिब करत निघतं की अजून अंगावर काटा येतो. ऊन तापायला लागल्यापासून दोन दिवसांत आंबतं, मासोळीचा वास सुटतो. मी एक डोळा मिटून त्यांच्या गालाला लावत होते. त्यांना कळलं असेल मी चिठ्ठी वाचली ते, पण दोघी बोललो नाही. सुरकुत्या होत्या तिथंच राहिल्या. पण कातडी मऊ झाली, खोटं नाही सांगत. आत्याबाई बोटानं गाल दाबून पाहत अन् खूश होत.

परवा तुमच्या भावानं सीताबर्डीहून चष्मा आणला. काच इतकी जाड की पेल्याचं बूड वाटावं. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून समोर बसल्या. मामाजींनी चष्मा लावला अन् त्यांच्याकडे पाहत राहिले. आत्याबाईंचा हात मी धरला होता, तो गार पडला. मग मामाजी म्हणाले, आरसा द्या. भिंतीवरचा काढून दिला. त्यांनी आरसा समोर धरला, तर आत्याबाई उठून त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, जवळून दिसावं म्हणून असेल. अन् मामाजी आरशात पाहून केवढ्यांदा शी म्हणाले! चष्मा ओढून काढला अन् भिंतीकडे तोंड करून निजले.

आत्याबाईंनी ऐकलं. जवसाची बाटली नेऊन नालीत ओतली अन् तेव्हापासून तोंडावर पदर आहे. मामाजींचं ताट मी नेते. मामाजी चष्मा लावत नाहीत. मला इतका संताप आला आहे ना, की आज संध्याकाळी मी त्यांना सगळं तोंडावर सांगणार आहे, सासरे असोत की कोणी असो. उद्धटपणा झाला तर तुम्ही मला सांभाळून घ्याल या भरवशावर आहे.

तुमची,
प्रेमिला


नागपूर
९ मार्च १९७५

चि. शोभास बापाचा जयभीम.

हे मी स्वतःच्या हातानं लिहून राहिलो. रात्रीच्या शाळेत शिकलेलं अक्षर आहे, अन् इतक्या वर्सानं बाहेर काढलं, तं वाकडं झालं. या चष्म्यातून सारंच मोठं दिसते. काल वरणात माशी पडली तं मले चिमणी वाटली.

प्रेमिलानं मले लय झापलं. घरात कोणी आतापर्यंत मले असं बोललं नव्हतं. बरं केलं पोरीनं. मले काहीच माहीत नव्हतं, ना जवस, ना तुह्या मायचं भेव. मी शी म्हटलं हे खरं. कोणाले म्हटलं थे ऐक.

माह्या डोक्स्यात मी तोच होतो गिरणीतला, काळ्या मिशीचा. तुह्या मायले पाह्यलं, मंग आपलंही पाहावं म्हणून आरसा मागितला, तं कोण्या म्हाताऱ्यानं आपलं थोबाड मधी घातलेलं. गाल आत गेलेले, दात नाही, नाकातून केस निघालेले, ओठाच्या कोपऱ्यात लाळ वाळलेली, अन् डोळ्यात चिपडं. अशी शिसारी आली का तोंडातून निघूनच गेलं. मंग समजलं का हा मीच होय. अन् दुसरं समजलं थे त्याहून वाईट. तुह्या मायनं हे थोबाड रोज पाह्यलं, रोज पुसलं, ह्याच्यात घास घातला. मी तिच्या रूपाच्या गोष्टी सांगत बसलो अन् ती समोर हे पाहत बसली. एक डाव शी म्हटलं नाही तिनं. मले तिच्याकडं पाहाची लाज वाटली म्हणून मी भिंतीकडं तोंड केलं. मंग ती दोन दिवस जवळ आली नाही, तं मले वाटलं, आता हिलेही माही किळस आली.

असे दोन मूर्ख एका घरात.

मी तिले बोलावलं. पदर मीच काढला. तुही माय म्हातारी झाली, हाव, झाली. लपवण्यासारखं काही नाही. ह्या चष्म्यातून एकेक सुरकुती वावरातल्या नांगराच्या तासावाणी दिसते. मले दिसत नव्हतं तेव्हा पडल्या साऱ्या, तं आता पाहून घेतो, रोज थोड्या थोड्या. गालाले हात लावला तं मऊ लागला. तिले सांगितलं तं म्हणते, जवसानं.

उरलेला जवस प्रेमिलानं चटणीले काढला होता. चटणी कोणीच खायाले तयार नाही. तं आता दुपारी तुही माय तोच जवस उकळते अन् माह्या तोंडाले लावते. म्हणते, तुमालेच गरज आहे. लय बुळबुळीत राहते वं पोरी, नाकापाशी आलं का मासोळीचा वास मारते, अन् गळ्यावर उतरते. पण मी शी म्हणत नाही. म्हटलं तं तिचा हात थांबन.

माया ठेवजो, अन् उन्हाळ्यात येजो. तुलेही पाहाचं राहिलं आहे.

तुहा बाप,
देवराव