मोठ्या बाटलीतलं तेल

ता. ९, बुधवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तुझी वहिनी गुडघ्यांच्या नावाने कुरकुरते, पण पहाटे माझ्याआधी तीच मळ्यात. यंदा गुलाब असा लागलाय की खुडायला दोन बाया जास्त लावल्या. मग काळजी कसली, असं तू म्हणशील. तशी काही नाही.

सोबत कापसात गुंडाळून यंदाच्या गुलाबतेलाची कुपी पाठवतोय. फुटली नाही म्हणजे मिळवली. वास घे आणि त्याच दिवशी कळव. सोमवारी व्यापारी तेल न्यायला येतोय.

दादा स्वतः का वास घेत नाही, असं वाटेल तुला. घेतला की. दहादा घेतला.

परवा तेल काढायच्या हंड्यातलं पाणी आटलं आणि तळाच्या पाकळ्या करपल्या. मी भट्टीशेजारीच स्टूल टाकून बसलो होतो. वहिनी घरातून धावत आली. "अहो, करपतंय! नाक काय गहाण ठेवलंय?" मी म्हटलं, "ओरडू नकोस, कळतंय मला."

कळलं नव्हतं. हिवाळ्यातल्या तापापासून मला ना चहाचा वास येत, ना गुलाबाचा. तिला वाटतं, डुलकी लागली असेल. वाटू दे.

ते तेल तिने फेकून दिलं. पण आदल्या दिवशीही पाणी असंच आटलं होतं आणि तेव्हा ती मळ्यात होती. त्या आदल्या दिवशीचं तेल मी हंगामाच्या मोठ्या बाटलीत ओतून बसलोय. आता सगळंच करपट झालं की काय, देव जाणे. कुपी त्याच बाटलीतली आहे.

चार वर्षांपूर्वी तू म्हणालास, "दादा, हे करपलंय, विकू नकोस." मी खुडणाऱ्या बायांसमोर तुझं नाक काढलं, अक्कल काढली. त्याच संध्याकाळी तू पिशवी भरून घर सोडलंस. व्यापाऱ्याने ते तेल महिन्याभरात परत पाठवलं. हे तुला कधी कळवलं नाही. लिहायला हात धजला नाही माझा.

फुलं खुडली की त्याच दिवशी हंड्यात जायला हवीत. आजची टोपल्यांतच कोमेजली. हंड्याला कल्हई करायची आहे, अशी थाप मारलीय वहिनीला. दोन दिवस टिकेल. खरं म्हणजे भट्टी पेटवायची भीती वाटते.

कळव असं वर लिहिलं, ते खोड. कळवू नकोस, ये. करपलंय म्हणालास तर बाटली तुझ्यादेखत मातीत ओतीन. आणि जे म्हणायचं ते त्या बायांसमोर म्हण. मी उभा राहून ऐकेन.

तुझा,
दादा