काट्याच्या पडद्यावरचे शब्द

१७ नोव्हेंबर, सोमवार
इंद्रकुमार सेठ आज सगळ्यांसमोर बोलले — "सावित्रीबाईला मशीन येत नाही. एक तारखेपासून भुशाच्या शेडमध्ये पाठवा." सेठला काय जातं बोलायला! या राईस मिलचा गाड्या तोलायचा काटा तिनं एकोणीस वर्षं सांभाळला. दिवाळीत कम्प्युटरवाला काटा आला, तो चालवायला मला ठेवलं, आणि आता ती नुसती गाड्यांना हात दाखवत उभी असते. तिला दमा आहे. भुशात दोन महिने टिकणार नाही.

१८, मंगळवार
मावशी (सावित्रीबाईला मी मावशीच म्हणते) चौथी शिकलेली. मराठी झरझर वाचते. गाडी अडते ती इंग्रजीपाशी. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाईल सापडली — पडद्यावरचं प्रत्येक वाक्य तिच्यात आहे. डावीकडे मशीनची खूण, मधे बरोबरचं (=) चिन्ह, उजवीकडे आपल्याला दिसतं ते. उजवीकडचंच बदलायचं. एवढंच!

१९, बुधवार
फजिती. एका ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक अक्षर होतं. कचरा समजून पुसलं. पडद्यावर आलं — 'वजन: किलो'. आकडाच नाही! मशीन आकडा तिथंच भरते, मला काय ठाऊक. धानाचे सात ट्रॅक्टर फाटकापर्यंत उभे. कामठ्याचे शेतकरी यादोराव म्हणाले, "काऊन वो बाई, आमचं धान हवेत उडालं का?" चिन्ह परत टाकलं तेव्हा सुरू झालं. सेठ जेवायला गेले होते म्हणून निभावलं.

२२, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत मावशीला विचारत विचारत पडद्यावरचं मराठीत लिहिलं. 'रिकामी गाडी'. 'भरली गाडी'. काट्यावर गाडी हालली की मशीन इंग्रजीत म्हणायची — तुमची चूक झाली. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "गाडी हालून राहिली तं माही काय चूक? मशीन मलेच काऊन बोलते?"
खरंच की. महिनाभर मी रोज ते ऐकून घेत होते. कुठंतरी बसून कोणीतरी आम्हाला न बघताच ते वाक्य लिहिलं असेल. आता आम्ही लिहिलं — 'गाडी हालून राहिली. थोडं थांबा.'

२७, गुरुवार
मावशीनं एकटीनं एकेचाळीस गाड्या तोलल्या. मी मागं स्टुलावर. एकदाही उठावं लागलं नाही. संध्याकाळी तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, "तूनं माहा जीव वाचवला वो." सेठही दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. खूप बरं वाटलं आज.

२९, शनिवार
सेठनी बोलावलं. "अच्छा काम किया, मंजू. अब काँटे पे एक ही बाई बस है." सोमवारपासून मी घरी. मावशीला अजून माहीत नाही. जुनी इंग्रजी फाईल माझ्याकडे होती, परत टाकून पडदा पुन्हा इंग्रजी करायला एक मिनिट लागलं असतं. निघताना पुसून टाकली.