गंगम्माचा नवस, माझं ऑम्लेट

१२ डिसेंबर २०२४
नवीन पक्षकार — गंगम्मा. निलंग्याजवळच्या एका शाळेत खिचडी शिजवते. शिजवायची! बुधवारची अंडी उकडायला नकार दिला म्हणून काढून टाकली. लिंगायत बाई. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाली, ‘पोरांनी खावीत वो. दुसरी बाई उकडू दे. माझ्या हातनं न्हाई.’

वीस वर्षं मी हेच करतेय. कुणाची दाढीपायी नोकरी गेली, कुणी ऑफिसच्या पूजेत नारळ फोडला नाही. ‘सक्तीचा धर्म हा धर्मच नव्हे’ — माझं हे वाक्य लातूरच्या कोर्टात शिपायांनाही पाठ आहे. केस घेतली.

जाताना दारातून वळली. ‘बाई, देवाला बोलून बसले हाय. निकाल लागंपर्यंत आमच्या वकीलबाई अंडं खाणार न्हाईत.’

मी?!

१३ डिसेंबर
मला न विचारता माझ्या नावाने केलेला करार. कायद्याने शून्य! नवऱ्याला, नासिरला, तसं ठणकावून सांगितलं आणि ऑम्लेट मागितलं. समोर आलं. हातच उचलवेना. नासिरने खाल्लं.

९ जानेवारी
तारीख पडली. गंगम्मा सध्या लोकांच्या शेतात खुरपायला जाते, घर तिच्या एकटीवर. आणि पहिला प्रश्न काय? ‘खाल्लं न्हाई ना?’ तिच्या तोंडावर खोटं बोलता आलं असतं तर कधीच खाल्लं असतं.

१० फेब्रुवारी
पुन्हा तारीख. नासिर हल्ली कांदा जरा जास्तच खमंग परततो. वर म्हणतो, ‘तुझ्यावर सक्ती होऊन राहिली ना? काढ देवाला नोटीस!’

७ मार्च
रमजान. माझा रोजा संध्याकाळी सुटतो. गंगम्माने धरायला लावलेला सुटतच नाही!

१८ एप्रिल
शाळेचा निरोप — बाईंनी फक्त एकदा उकडावीत, लगेच कामावर घेतो. मला मोह झाला, खरं सांगते. तिची दशा बघवत नाही. (आणि माझीही!) गंगम्मा म्हणाली, ‘हुकमानं एकदा काय न् हजारदा काय.’ लाज वाटली मला.

२४ जून
जिंकलो!! गंगम्मा पुन्हा कामावर. अंडी दुसरी बाई उकडणार. ती रडली, मीही रडले. घरी येऊन तीन अंड्यांचं ऑम्लेट. नासिरला घासही दिला नाही.

२ जुलै
बुधवार. दुपारी गंगम्माचा फोन. ‘दुसरी बाई आलीच न्हाई वो. साठ पोरं ताटं घेऊन बसली व्हती. मीच उकडली.’

‘गंगम्मा! मग सहा महिने भांडलो कशाला?’

‘आज कुणाचा हुकूम न्हवता ना, बाई.’