तुळजापूरची सोय

बाबा, पाण्याची टाकी आली, चौदाशे. दोन बर्नरची छोटी शेगडी आली, नऊशे. पडदे माझ्याच जुन्या साड्यांचे, घरीच शिवले. आणि काल घडीचा संडास आला, बाराशे पन्नास. खुर्चीसारखा उघडतो, खाली बादली बसते, वर झाकण. हिशेबात तो आकडा मांडला आणि माझं डोकं फिरलं. 'बायकांची सोय नसते गो तिकडं,' हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. ती सोय ही एवढी. तेव्हा असलं काय मिळत नव्हतं, म्हणाल. बरं. पण चादर मिळत होती. दोन काठ्या रोवून चादर धरायला आणि तिकडं पाठ करून उभं राहायला माणूस तर घरातच होता.

आमचे हे वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी जुना टेम्पो घेतला. आत फळ्यांचा पलंग ठोकला, कप्पे केले. शुक्रवारी निघतो. आधी तुळजापूर, मग कोल्हापूर, माहूर, येताना वणी. लॉजला एक पैसा द्यायचा नाही असं मी ठरवलंय. देवळाचं पटांगण, पेट्रोल पंपाची कडेची जागा, सुट्टीतली शाळा. आधी विचारायचं, मग गाडी लावायची, सकाळी जागा झाडून निघायचं. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. देवीचा फोटो आणि संडास एका छताखाली कसे ठेवायचे? हे म्हणाले, "फोटो पुढं माझ्याजवळ बसेल, तुझा कारभार मागं. मध्ये डाळ-तांदूळ. देवीला काय वावडं नाय, तुलाच आहे." मी मधे जाड पडदा लावला, तेव्हा मन शांत झालं.

पण तुमच्यावरचा राग शांत होत नाही. मी तीन वर्षांची असताना तापानं फणफणले होते, तेव्हा आईनं तुळजापूरच्या देवीला नवस बोलला: पोर वाचली तर तिला घेऊन येईन आणि माझ्या हातानं ओटी भरीन. मी वाचले. तो नवस फेडायला तुम्ही मला दहावी होईपर्यंत वाट बघायला लावलीत. शेवटी एकदा चैत्रात आम्हा दोघींना घेऊन निघालात. आदल्या दुपारपासून आईनं पाणी बंद केलं होतं. मी तांब्या पुढं केला तर म्हणाली, "नको गो. वाटेत कुठं बसू? ड्रायव्हर काय माझ्यासाठी एसटी थांबवतोय?" मुरबाडला तिचे ओठ पांढरे पडले होते. टोकावड्याला ती सीटवरून खाली घसरली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले आहे, कोणीतरी पाणी शिंपडतंय, आणि तुम्ही पिशवीतून ओटीचं सामान काढून घेताय. "देवीची इच्छा नाय," म्हणालात. "तू हिला घेऊन मागं जा. मी ओटी पोचवून येतो." तुम्ही पुढच्या गाडीनं घाट चढलात. आम्ही दोघी परत.

येताना हिरव्या बांगड्या आणल्यात. आईनं त्या भरल्या आणि तुमच्या पाया पडली. मी म्हटलं, "बाबा, ओटी बाईनं भरायची असते." तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "दहावी झालीस म्हणून आता मला धर्म शिकव." आई चुलीजवळून म्हणाली, "गप गो. पोचली ती." आणि पुढं मरेपर्यंत तिनं एकच धरून ठेवलं: देवीनं मला नाय बोलावली. बाबा, मी रोज दिवा लावणारी बाई आहे. एका बाईला तहानेनं चक्कर आली आणि तुम्ही ते देवीच्या माथी मारलंत. हे मला सोसत नाही.

परवा आम्ही मुक्कामाची तालीम केली. जागा मीच निवडली, टोकावडे. ढाब्याच्या मालकिणीला विचारलं, गाडी लावू का, भाडं किती? ती हसली. "लावा की, भाडं कसलं? जेवा नायतर नका जेवू. फक्त नवऱ्याला सांगा, आमच्या बाजेवर घोरायचं नाय." संध्याकाळी ह्यांनी माझी पाण्याची बाटली उचलून बघितली. सकाळी भरलेली, तशीच. "तहान नव्हती," मी म्हटलं. खोटं होतं ते. सगळी सोय हाताशी असून माझ्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. ह्यांनी पेला भरून दिला. "पी. मी बाहेर बसतो." आणि बाजेवर टेम्पोकडे पाठ करून बसले. मी तो पेला संपवला, मग दुसरा, आणि तुमचा इतका राग आला की रडूच फुटलं.

ओटीचं सामान बांधून तयार आहे. पण ती आईच्या नावानं भरू की माझ्या, ते ठरत नाही. तुम्ही देवीपुढं उभे राहिलात तेव्हा आमच्या दोघींबद्दल काय सांगितलंत? आजारी आहेत म्हणालात, की नावच घेतलं नाहीत? चुकीचं काही सांगून आला असाल, तर तिथं गेल्यावर मला आधी ते निस्तरावं लागेल. तुम्ही आता नाही, हे पत्र पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. तरी मी वाट बघेन, हेही कळतं. शुक्रवारच्या आत, उलट टपाली कळवा.