न मोजता केलेली एक सही

मी, अच्युत विष्णुपंत खिरवडकर, वय ४९, राहणार रांझी, जबलपूर, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणीही भाग न पाडता हे लिहून ठेवतो. भीती मात्र वाटते आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्रही ग्राह्य असते, असे वकिलांनी सांगितले.

१. रांझीचे दोन खोल्यांचे घर व फंडाची रक्कम पत्नी इंदिरा हिला, तिच्यानंतर कन्या शैलजाला. इंदिराने घर विकू नये, ही विनंती आहे, अट नाही.

२. अवजारांची पेटी धाकटा भाऊ मोहन याला. त्याने माझ्या दारूगोळा कारखान्यातले थोडे पितळ मागितले, मी नाही म्हटले, तेव्हापासून तीन वर्षे तो बोलत नाही. पेटीतला प्रत्येक पेचकस माझ्या पैशाचा आहे, निर्धास्त वापरावा. मोहन, मी तुला कमी लेखले नव्हते. आज एक खिळा उचलला तर उद्या हात आपसूक जाईल, याची मला धास्ती होती.

३. ही धास्ती कोठून आली, ते आजवर कोणाला सांगितले नाही. १९६५च्या लढाईत मी तोफगोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळा, तपासत असे. प्रत्येक फ्यूज गेजमध्ये, मापाच्या साच्यात, घालून पाहायचा, मग ट्रेच्या चिठ्ठीवर सही करायची. एका दुपारी फोरमन शैलेंद्रबाबू मागे येऊन उभे राहिले. "खिरवडकरजी, लड़ाई चल रही है. गेज बाद में लगाना." मी घाबरलो आणि न मोजताच सही केली. त्याच ट्रेमधला एक फ्यूज पुढच्या टेबलावर हेमचंद्र घोटकरच्या हातात फुटला. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. चौकशीत दोष त्याच्याच निष्काळजीपणाचा ठरला. मी गप्प बसलो.

त्यानंतर एकही फ्यूज न मोजता सोडलेला नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत.

४. आता पुन्हा लढाई आहे. सोमवारी शैलेंद्रबाबूंनी तीन ट्रे पुढे सरकवून आधी सही मागितली. "मोजल्याशिवाय नाही," मी म्हणालो. उद्यापासून माझी बदली नापास फ्यूज उघडण्याच्या शेडमध्ये झाली आहे. तेथे फ्यूज केव्हाही हातात फुटू शकतो, हे इंदिरा जाणते. "काहून नाही करून टाकली जी सही? शैलजाचं लग्न व्हायचं आहे अजून," ती रडत म्हणाली. तेव्हा मी तिला हेमचंद्राचे सारे सांगितले. ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "चला. आधी त्याच्या घरी जाऊ."

५. मझौली गावची माझ्या कमाईची दीड एकर जमीन हेमचंद्राला. ही भरपाई नव्हे. हाताची भरपाई होत नाही. त्या चौकशीतला दोष माझा होता, असा कबुलीजबाब सोबत जोडला आहे. मी असो वा नसो, इंदिराने तो उद्या सकाळी कार्यालयात द्यावा. त्याने माझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. तरी द्यावा.

आम्ही आता निघतो आहोत. उद्याच्या शेडपेक्षा हेमचंद्राच्या दाराची कडी वाजवायला मला अधिक भीती वाटते. हात कापत असल्याने खालची सही माझ्या नेहमीच्या सहीशी जुळणार नाही. ती माझीच आहे. साक्षीदारांनी समोर पाहिली आहे.

(सही) अच्युत विष्णुपंत खिरवडकर

साक्षीदार:
१. (सही) मुरलीधर बापूराव दाणी, शेजारी
२. (सही) सरोजिनी मुरलीधर दाणी, शिक्षिका

रांझी, जबलपूर
दि. ९ डिसेंबर १९७१