निरोप पोचेल

११ फेब्रुवारी ७८
अव्वा पडली. जिन्यावरून. शेट्यांचा फोन आला म्हणून त्यांना बोलवायला निघाली होती. आमचा जिना उतरायचा, गल्ली ओलांडायची, समोरच्या माडीखाली उभं राहून हाका मारायच्या, मग परत वर. सत्तरीची आई. शेवटच्या पायऱ्या चुकल्या. घोट्याच्या वर हाड मोडलं.
मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. निरोप घेऊन शिपाई आला तेव्हा हातातलं मीटर तसंच ठेवून पळाले.
फोन कशासाठी होता? शेट्यांच्या मेव्हण्याला सिनेमाची तिकिटं काढू का, एवढं विचारायचं होतं.
शेटे दवाखान्यात आले. अव्वाकडे बघून म्हणाले, "अरेरे." मग मला म्हणाले, "मग तो फोन कट झाला का?"
मी काही बोलले नाही. बोलले असते तर आणखी एक हाड मोडलं असतं.

१३ फेब्रु.
अव्वा घरी. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. भाऊ म्हणून अण्णा आला. आल्या आल्या, "तू घरी का नव्हतीस?" मी म्हटलं, पगार कॉलेजात मिळतो, घरी नाही.
वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर फोन अण्णाच्या नावावर झाला. तो राहतो मार्केट यार्डाजवळ, तिथे दुकानात त्याचा दुसरा फोन आहेच. इथला फोन नावाला त्याचा, धावायला अव्वा आणि मी. सगळ्या गल्लीचा पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांकडचा, नंबर आमचा. लग्नपत्रिकांवर आमचा नंबर, दुकानाच्या पाटीवर आमचा नंबर. शेटे विमा विकतात, त्यांनी तर कार्डावर छापलाय, आणि 'पी.पी.' ही अक्षरं इतकी बारीक की मुंगीला भिंग लागेल.
अण्णा म्हणतो, "फोन आहे म्हटल्यावर लोक येणारच की. अप्पांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही."
अप्पा स्वतः कधी खाली उतरले नाहीत. अव्वा उतरायची.

१९ फेब्रु.
अव्वाचा पाय उशीवर. फोन वाजला की बिचारी अजून उठायला बघते. आज ओरडले तिच्यावर. मग स्वतःवरच चिडले. मग गल्लीतल्या नरसव्वावर, जी त्याच वेळी वर आली आणि म्हणाली, "अक्का, आमच्या पोराचा फोन यायचाय सातला, हाक मारा बरं का."
ठरलं. फोन उचलायला माणूस लागणार नाही. अप्पांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. कॉलेजच्या स्टोअरमध्ये एक मोडीत काढलेला पडलाय, तो मागते. घंटी वाजली की रिले, म्हणजे विजेचा खटका, ओढेल, एक टेप माझा आवाज ऐकवेल, दुसरा समोरच्याचा निरोप घेईल, मिनिटाने रिले सुटेल. अवघड नाही. प्रॅक्टिकलला पोरांना याहून अवघड देते.

५ मार्च
सगळा रविवार जमिनीवर बसून. रिले दोनदा जळाला. हॉलमध्ये वायरी बघून अव्वा म्हणाली, "गिरिजी, कोळ्याचं जाळं केलंस की गं." भाकरी मीच केली, करपली, तशीच खाल्ली.
शेटे डोकावून गेले. "काय चाललंय? रेडिओ?" हो म्हटलं. खोटं बोलले, पण शेट्यांशी.

९ मार्च
कॉलेजच्या ऑफिसातून घरी फोन लावला. दोनदा वाजला, मग टक्, आणि माझा आवाज. माझाच! अंगावर काटा आला. ऑफिसातला क्लार्क बघत राहिला, मी एकटीच हसत होते.
घरी येऊन टेप लावला. माझ्या फोनच्या आधी चौघांनी केला होता. चौघंही मिनिटभर "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" निरोप एकाचाही नाही. मी बोलतेय, त्यात 'हे यंत्र आहे' असं दोनदा सांगते, तरी "हॅलो, गिरिजाक्का, ऐकू येतंय का?"
बोलणं बदललं. नवीन असं: "नमस्कार. फोनपाशी माणूस नाही, हे यंत्र आहे. टुंग वाजलं की कुणाला काय सांगायचं ते थोडक्यात आणि स्पष्ट सांगा. आडून बोलू नका. निरोप पोचेल."
दारावर कागद चिकटवला. निरोप रोज संध्याकाळी सहाला ऐकवले जातील. त्याआधी जिना चढू नये.

१८ मार्च
आज बाराजण. हॉलमध्ये सतरंजी घालावी लागली. नरसव्वा विड्यांचं सूप घेऊनच आली, ऐकता ऐकता वळत होती. खालच्या सुमनने लसूण आणला सोलायला. सुमनचं माहेर नातेपुतं, नवरा बबन मिलमध्ये. गल्लीत मला आवडणारं एकच माणूस ते, कारण फोन आला नाही तरी अव्वाला बघायला वर येते.
मी टेप फिरवते, ते ऐकतात. ज्याचा निरोप तो ऐकतो, बाकीचे त्याहून मन लावून ऐकतात. हे माझ्या डोक्यात नव्हतं. एकाची पोरगी पास झाली तर सगळे टाळ्या वाजवतात.
सकाळी सुरुवातीच्या टेपवर दोन वाक्यं जास्त बोलायला लागलेय. आज नळ चारला. रेशनला साखर आलीय. आता लोक पेठेतून, मिलच्या ऑफिसातून नुसतं ते ऐकायला फोन लावतात म्हणे.
मला राग यायला हवा. येत नाहीये.

२५ मार्च
आज राग आला. शेट्यांचा. त्यांच्या गिऱ्हाइकाचा निरोप सगळ्यांसमोर वाजला: "शेटेसाहेब, हप्ता घेऊन पावती का देत नाही?" सुमन फिस्सकन हसली. शेटे लालेलाल. "खासगी गोष्टी चव्हाट्यावर! तक्रार करीन."
म्हटलं, करा. नंबर माझ्या घरचा, कार्ड तुमचं, आणि चव्हाटा माझा?
फार बरं वाटलं. अव्वा आतून, "साकु, साकु." पुरे, पुरे. पुरे कसलं!

६ एप्रिल
लिहवत नाही.
सहाला सगळे बसले होते. सुमन दाराशी, मांडीवर लसूण. पहिला निरोप बबनच्या मित्राचा. दुसरा, खरखर, मग माणसाचा आवाज, दमलेला: "सुमनला सांगा. दादा वारले. सकाळी. तानाजी बोलतोय. लगीच या म्हनावं." आणि टुंग.
तिचे वडील. टेप पुढे फिरत राहिला, शेट्यांचं कुणीतरी काहीतरी बोलत होतं. बटण दाबायला मला हात सापडेना.
सुमन उठली नाही. लसूण सोलत राहिली, दोन तीन पाकळ्या. मग ओरडली.

७ एप्रिल
बबन तिला घेऊन रात्रीच्याच गाडीने गेला. गल्ली माझ्या दारात.
नरसव्वा म्हणाली, "अय्यो अक्का, असं सांगतात का लेकीला? 'सीरियस आहे' म्हणायचं असतं. चहा पाजायचा, बरोबर बाई द्यायची, गाडीत बसवायचं. गावाच्या वेशीत गेली की तिचं तिला कळतंय."
म्हणजे सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं, तेही चार तास, एस.टी.त. मी म्हटलं तसं. तोंडावर. सांगणारा तिचा भाऊ, मी नाही. त्याला स्पष्ट बोलता आलं म्हणून बोलला.
नरसव्वा: "त्याला तुम्हीच सांगितलं की, आडून बोलू नका म्हणून."
वाक्य माझंच. त्याचा राग वेगळाच.

९ एप्रिल
बबन एकटा परतला, मिलची सुट्टी संपली म्हणून. जिन्यात गाठला त्याला.
तानाजीने आडत दुकानातून ट्रंककॉल लावला होता, दुपारी बाराच्या आसपास. ऑपरेटरला माझा आवाज ऐकू गेला, तिने जोडून दिला. त्याच्या कानावर माझं शेवटचंच पडलं: "निरोप पोचेल." यंत्र वगैरे काही नाही. त्याला वाटलं अक्कांनी ऐकलं. घरी सांगितलं, कळवलंय, निघाली असेल.
अग्नी द्यायला दिवस बुडेपर्यंत थांबले. सुमनचा मोठा चुलता म्हणाला, लेक आल्याशिवाय नको. मग म्हणाले, आता नाही येत.
सुमन दुपारी बाराला आमच्याच खाली, घरात होती. अव्वा आत कॉटवर होती, तिला टक् ऐकू आलं होतं. "वाजलं की एकदा दुपारी," म्हणाली. यंत्र नसतं तर अव्वा लंगडत जाऊन फोन उचलती, खिडकीतून सुमनला हाक मारती. एकची गाडी मिळती.
बापाचं तोंड बघायला मिळालं नाही तिला. माझ्यामुळे. हे असं लिहिलं की हात थांबतो, म्हणून परत लिहिते. माझ्यामुळे.
आणि तरीही शेटे गल्लीत सांगत फिरतात की मी आधीच म्हणत होतो, तेव्हा डोकं फिरतं. ते पावतीबद्दल म्हणत होते!

२१ एप्रिल
सुमन माहेरून परत आली. मी खाली गेले. काय बोलायचं ते कॉलेजातून येताना जुळवलं होतं, पण त्याआधी तीच बोलली.
ती म्हणाली, "अक्का, मला नीट रडायबी मिळालं न्हाय. सगळी बसली हुती बघत. आन् मी लसूण सोलत हुते."
मग म्हणाली, "जावा आता. सासूबाई येतील."
सासू तिची तुळजापूरला असते.

२४ एप्रिल
टेलिफोन खात्याचा इन्स्पेक्टर. तक्रार आलीय. कुणाची ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. लाइनीला खात्याबाहेरचं उपकरण जोडणं गुन्हा आहे म्हणे, कनेक्शन तोडू. नवीन अर्ज केला तर आठ-दहा वर्षं, तेही मिळालं तर.
मी विचारलं, "गल्लीत दुसरा फोन का नाही? अर्ज पडलेत ना?" तो म्हणाला, "मॅडम, ते माझं काम नाही." वायर ओढून बघणं मात्र त्याचं काम.
मी भांडायला तयार होते. पण अण्णा यार्डातून धावत आला आणि लेखी माफी देऊन मोकळा झाला. माझ्या वतीने, मला न विचारता. "बहीण आहे, जरा शिकलेली आहे." म्हणजे शिकणं हा आजार झाला!
वायरी सोडवल्या. दोन्ही टेपरेकॉर्डर कपाटाखाली. जोडायला तासभर लागेल. फेकले नाहीत.

२९ एप्रिल
फोन वाजतो, आणि मीच धावते. सुट्टी लागलीय ना. आज सात वेळा जिना. शेट्यांचे त्यात तीन. तिसऱ्या वेळी खालूनच ओरडले, "शेटे, पावती मागताहेत!" खरं तर त्यांची मावशी होती.
सुमन दारात दिसते. मान वळवते.

६ मे
एस.टी. स्टँड. दुपार. पेन्सिलने लिहितेय, गाडी लागायचीय.
सकाळी दहाला ट्रंककॉल. तानाजी. मी स्वतः, जिवंत. त्याने आधी दोनदा विचारून घेतलं, "अक्काच का?" मग म्हणाला, "आईला बरं न्हाय. सीरियस हाय. सुमनला लावून द्या."
मी विचारलं, "तानाजी, खरं सांगा. आहेत का गेल्या?"
मागे दुकानातली माणसं बोलत होती. मग म्हणाला, "सीरियस हाय की, अक्का."
मी परत विचारलं. ओरडूनच विचारलं. वेळ संपली, ऑपरेटरने तोडलं. परत लावायला बघितलं, लाइन नाही. शिव्या घातल्या. अव्वासमोर.
खाली गेले. सुमन ज्वारी निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं. महिन्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.
"नातेपुत्याचा?"
"हो. तानाजीचा. आईला बरं नाही. सीरियस आहे म्हणाला."
माझ्या तोंडून तो शब्द निघाला आणि मलाच तो खोटा वाटला. तिने उठून माझा दंड धरला. "हाय का गेली? तुमी सांगा. बाकीचे न्हाय सांगायचे. तुमी कवा खोटं बोलत न्हाय."
"मला माहीत नाही."
"शप्पथ?"
"अव्वाची शप्पथ. विचारलं मी. नाही सांगितलं त्याने."
तिला पटलं नाही. मला दिसलं ना, पटलं नाही ते. तिला वाटतंय मीही शिकले शेवटी. चहा पाजणारी, गाडीत बसवणारी झाले. बबन पाळीला गेलाय, म्हणून बरोबर मी चाललेय. बरोबर बाई द्यायची असते ना, ती मी.
इतका राग येतोय, आणि धरायला कुणी नाही. तानाजीवर धरू? तो तरी काय करणार, मागच्या वेळी स्पष्ट बोलून बघितलं त्याने.
आत्ता ती फळांच्या गाड्याशी उभी होती. पदर डोक्यावर. मागे वळून विचारलं, "अक्का, मोसंबी घिऊ का? आईला आवडत्यात."
फळवालाही माझ्याकडे बघायला लागला.
"घे," म्हटलं.
तिने घेतली. पिशवी माझ्या हातात दिली, स्वतः धरत नाहीये. नातेपुत्याची पाटी लागली.